माझ्या आवाजाची दुसरी प्रत

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम येथील तमाम मराठी जनांस कळवण्यात येते की, श्री. प्रदीप वानखेडे, केंद्र सरकारातील एक मध्यमवयीन अधिकारी, यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कानाच्या किंचित वर, रक्ताची एक गुठळी येऊन बसल्यामुळे त्यांचे भाषा खाते कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. सदर खाते आता अंशतः सुरू झाले असून कामकाज संथ गतीने चालू आहे. जनतेने सहकार्य करावे, ही विनंती.

हे निवेदन मी स्वतः लिहिलं. लिहायला एक आख्खी सकाळ गेली. नंतर सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यातले हरवलेले शब्द शोधून जागेवर बसवले. पूर्वी असलं निवेदन मी चहाचा कप ओठांशी नेता नेता तोंडी ठोकलं असतं, आणि तेही मंत्रिमहोदयांच्या आवाजात.

ज्यांच्या घरात एखाद्याचे शब्द गेले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्याचे गेले त्याला हे बहुधा वाचता येणार नाही. त्याच्या शेजारी बसून जे गोड हसतात, त्यांनी वाचावं.

टाळ्या

आधी एक सांगायला हवं. आमच्या घरात मी नकला करतो. सोसायटीचा सेक्रेटरी, ऑफिसातले बडे साहेब, सुनंदाचे यवतमाळचे मामा, कोणी सुटलेलं नाही. मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माइक माझ्याकडे. आणि दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या, म्हणजे लढाईच्या जागेवरच्या, स्मारकावर जाते, तेव्हा तिथं उभं राहून गोष्ट सांगायची ती मीच. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला सुट्टी नाही. ती सुट्टी होळीनंतरच्या एका रविवारी मिळाली.

हातात पोह्यांची ताटली होती. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बातम्या देणारी बाई एकाएकी भलत्याच भाषेत बोलायला लागली. आवाज तोच, चढउतार तेच, ओठ तसेच हलतायत, पण आत शब्द नाहीत. मला वाटलं, चुकून कुठल्या तरी परदेशी चॅनलवर बोट पडलं. मी म्हटलं, 'चॅनल बदला.' निदान मला वाटलं की मी तसं म्हटलं. सुनंदा माझ्याकडे वळली आणि तिनंही त्याच परक्या भाषेत मला काहीतरी विचारलं.

यापुढचं मला पुष्कळ नंतर तिच्याकडून कळलं. मी म्हणे उठून उभा राहिलो आणि हातवारे करत, ठसक्यात, कुठंही न अडखळता एक भाषण ठोकलं. त्यातला एकही शब्द जगातल्या कुठल्याच भाषेचा नव्हता. सुनंदा खो खो हसली. आमची मुलगी उत्तरा तर टाळ्या वाजवायला लागली. 'बाबा, हे कोण? हे नवीन आहे यार! मस्त!' आणि प्रेक्षक खूश आहेत म्हटल्यावर मी अजून रंगलो. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा माणसाला तिथल्या तिथं उचलून गाडीत घातलं असतं. आमच्या घरात त्याला दाद मिळाली.

पोहे थंड झाले, चहा दुसऱ्यांदा गरम झाला, तरी प्रयोग संपेना. तेव्हा सुनंदाच्या लक्षात आलं की माझे डोळे हसत नाहीयेत.

'थोड़ा पहले ले आते,' दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं असलं तरी मला कळलं नसणार. सुनंदानं ऐकलं. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर हसायची थांबली. मला लकवा झाला नाही, हात-पाय ठणठणीत राहिले. जे काही लुळं पडलं ते तिच्या चेहऱ्यावर पडलं.

म्हणून सांगतो, घरातला गमत्या माणूस अचानक अगम्य बोलायला लागला, तर आधी त्याला गाडीत घाला. गंमतच निघाली तर रस्त्यात हसून घ्या. उशीर मात्र करू नका.

चमचा

ऐकू येतं का ते तपासायला माझ्या कानांवर यंत्र लावलं. कान उत्तम निघाले. त्यानंतरही सगळे माझ्याशी ओरडून बोलत राहिले. लोकांची अशी एक श्रद्धा आहे की न समजणारी गोष्ट मोठ्यानं सांगितली की समजते. डॉक्टर मोठ्यानं, नर्स मोठ्यानं, मेहुणा तर असा काही बोलायचा की बाजूच्या खाटेवरचा पेशंट उठून बसायचा. त्या बाजूच्या पेशंटला बोलताच येत नव्हतं, समजायचं मात्र सगळं. मला बोलता येत होतं आणि समजत काहीच नव्हतं. आम्हा दोघांचा मिळून एक पूर्ण माणूस झाला असता.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडम रोज सकाळी यायच्या. तरुण होत्या, रोहतकच्या. ट्रेमध्ये चमचा, कंगवा, किल्ली आणि पेन मांडून म्हणायच्या, 'अंकल, चम्मच दिखाइए।' मी मोठ्या आत्मविश्वासानं कंगवा उचलून द्यायचो आणि वर एक छोटंसं भाषण करायचो. त्या मान हलवून काहीतरी लिहायच्या. हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रयोग, जो रोज पडत होता आणि नटाला पत्ताच नव्हता.

आता आमच्या लोकांचा मूर्खपणा ऐका. आम्ही दिल्लीतली मराठी माणसं, घराचा उंबरा ओलांडला की हिंदीत शिरतो. शिस्तच आहे ती. भाजीवाल्याशी हिंदी, लिफ्टमध्ये हिंदी, दवाखान्यात तर नक्कीच हिंदी. शेजारच्यांना परकं वाटायला नको, नर्सला कळायला हवं. त्यामुळे माझी बायको, जिनं जन्मभर माझ्याशी मराठीत भांडण केलं, ती माझ्या खाटेशी बसून म्हणायची, 'देखिए, थोड़ा खा लीजिए।' उत्तराही हिंदीत, मेहुणाही हिंदीत. मेंदूतली सगळी दारं बंद झालेला माणूस, आणि घरचे लोक त्याला पाहुण्यांच्या दारावर टकटक करून बोलावतायत.

एका दुपारी सुनंदा माझ्याकडे पाठ करून डबा उघडत होती. वरणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ती स्वतःशीच, अगदी हळू, वैतागून म्हणाली, 'मेलं झाकणच निघेना.'

आणि मला ते कळलं.

तिन्ही शब्द कळले असं नाही. पण धुक्यातून बस यावी तसं वाक्य आलं आणि माझ्यासमोर थांबलं. मी खाटेवरून उतरलो, तिच्या हातातला डबा घेतला आणि झाकण काढून दिलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डबा तिथंच ठेवून बाहेर पळाली आणि मॅडमना घेऊन आली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. 'तो आप लोग घर में मराठी बोलते हैं? यहाँ इतने दिन से हिंदी क्यों बोल रहे थे?'

'वो... आप लोगों के लिए,' सुनंदा म्हणाली.

आजारपणात मला पहिलं समजलेलं वाक्य बायकोनं डब्याला उद्देशून म्हटलेलं होतं. माझ्याशी बोललेलं समजायला पुढं बरेच दिवस गेले. पण झाकणानं सुरुवात करून दिली, हे मान्य केलं पाहिजे.

मॅडमनी त्याच दिवशी एक खूण शिकवली. शब्द सापडत नसला की मी पंजा वर करायचा. पंजा वर म्हणजे 'थांबा, मी शोधतोय, कोणी मदत करू नका.' वाचकहो, तुमच्या घरी हे काहीच जमलं नाही तरी एवढं करा. पंजा वर असेपर्यंत समोरच्यानं गप्प बसायचं. सोपं वाटतं ना? माझ्या घरात ते कोणालाही जमलं नाही.

उत्तराचं यंत्र

उत्तरा गुरुग्रामला एका कंपनीत आहे, राहतेही तिथंच. माणसं बोलतात ते यंत्राला समजावून देणं, हे तिचं काम. घरात बाप बोललेलं समजण्यापलीकडे गेला आणि मुलगी त्याच विषयातला पगार घेते. अशी जुळवाजुळव मी गोष्टीत केली असती तर लोक म्हणाले असते, वानखेडे, हे जरा अति झालं.

घरी आल्यावर, मला थोडंफार उमजायला लागल्यावर, तिनं मला सगळं समजावलं. एकेक वाक्य, हळू, टीव्ही बंद करून. दवाखान्याच्या रिकाम्या पाकिटावर तिनं एकावर एक आडव्या पट्ट्या काढल्या.

'बाबा, हे न्यूरल नेटवर्क. खाली आवाज जातो. नुसता आवाज. या खालच्या पट्ट्या फक्त एवढंच बघतात की आवाज चढला का, उतरला का, कुठं तुटला.'

मी मान हलवली.

'वरच्या पट्ट्यांत त्याचे शब्द होतात. आणखी वर, अर्थासारखं काहीतरी. आता गंमत बघा. डोक्यातही साधारण असंच आहे. कानाजवळ नुसता आवाज, मग पुढं पुढं शब्द, अर्थ. लोक दोन्ही शेजारी ठेवून तपासतात. यंत्राची खालची पट्टी आणि कानाजवळचा मेंदू, थोडे सारखे वागतात. वरची आणि अर्थाचा मेंदू, तेही थोडे सारखे.'

मी पाकिटावर मधल्या पट्टीला बोट लावलं आणि मग माझ्या डोक्याला.

'हो,' ती म्हणाली. 'तिथंच.' आणि तिनं पेनचं टोपण लावून टाकलं.

मला त्या यंत्राचा भयंकर हेवा वाटला. त्यातली एखादी पट्टी बिघडली तर उत्तरा कालची प्रत काढून पुन्हा चढवते. चहा पिऊन येईपर्यंत यंत्र ठणठणीत. माझी कालची प्रत कोणी काढून ठेवली नव्हती. असं मला तेव्हा वाटत होतं.

आणखी एक तिनं सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. यंत्र ऐकत नाही, ते अंदाज करतं. वाक्यातला तुकडा झाकून त्याला विचारतात, इथं काय असेल? चुकलं की दुरुस्त करतात. पुन्हा विचारतात. माणूस अनेक जन्म घेऊन जेवढं ऐकेल त्याहून जास्त बोलणं त्याला असं पाजलेलं असतं. 'आपणही अंदाजच करतो बाबा. समोरचा बोलायच्या आधीच मेंदू पुढचा शब्द मांडून ठेवतो. बसलं तर समजलं.'

मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरी, तू स्वयंपाकघराच्या दारात बसून, कुकरच्या शिट्ट्यांत, आजीच्या खोकल्यात, माझ्या नकलांत मराठी शिकलीस. तुला कोणी काही झाकून विचारलं नव्हतं. भूक लागली म्हणून तू शिकलीस. तुझ्या यंत्राला 'जेवलास का' कळतं, पण भूक लागत नाही. हे एवढं सगळं म्हणायला गेलो, तर तोंडातून बाहेर आलं, 'कुकर.'

'कुकर लावू का?' उत्तरानं विचारलं.

पाणी

मग तिनं एक नवीन खेळ आणला. तिच्या फोनमध्ये यंत्र होतं. मी बोलायचं आणि फोनवर अक्षरं उमटायची. माझं बोलणं तोवर अर्धंमुर्धं रुळावर आलं होतं. शब्द यायचे, पण चुकीच्या डब्यात बसून यायचे, काही डबे रिकामेच.

पहिल्या दिवशी मी तिला सांगायचा प्रयत्न करत होतो की तू वाळली आहेस, रोज एवढा प्रवास करून इथं येऊ नकोस. फोनवर स्वच्छ, शुद्ध मराठीत उमटलं: 'मला पाणी हवे आहे.'

घरात दिवाळी झाली. सुनंदानं पळत जाऊन पाणी आणलं. मी 'नाही' म्हणालो, यंत्रानं आणखी एक छान वाक्य लिहिलं, आणखी पाणी आलं. माझ्या तोंडातल्या चिंध्या उचलून त्यानं इस्त्री केलेला शर्ट शिवला होता. तो मला होत नव्हता, पण सगळ्यांना इतका आवडला की मी अंगात घातला. त्या दिवशी मी पाणी पिऊन पिऊन फुगलो. मी थकून गप्प बसलो, तेव्हा यंत्रानं माझ्या शांततेचंही भाषांतर केलं. लिहिलं: 'व्हिडिओ आवडल्यास लाइक करा.' उत्तरा म्हणाली, बाबा, काही ऐकू आलं नाही की ते कधी कधी असं स्वतःच्या मनानं लिहितं.

त्यावर मी हसलो. सुनंदा हसली नाही.

पण खरं सांगू का, त्या यंत्रावर माझा तेवढा राग नाही. सुनंदाही तेच करत होती. मी पंजा वर केला की ती घाईनं म्हणायची, 'चहा? वर्तमानपत्र? पंखा बंद करू?' मला सांगायचं असायचं ते त्या यादीत कधीच नसायचं. मला सांगायचं असायचं की रोज खिडकीशी येणारे पोपट आज आले नाहीत, की तू रात्री रडलीस ते मला कळलं, की तुझा तो यवतमाळचा मामा आठवला आणि हसू आलं. एवढ्या वर्षांच्या संसारानं तिला माझं पुढचं वाक्य आधीच माहीत होतं. आजारी माणसाला पुढचं वाक्य नसतंच, असं तिनं ठरवून टाकलं. चहा, पंखा, पाणी. मी तीन गरजांचा एक प्राणी झालो होतो, आणि माझ्याशी सगळे अत्यंत प्रेमानं वागत होते. तुमच्या घरचा पेशंट चिडून भांडी आपटत असेल, तर त्याला एकदा विचारा की तुला काय *नको* आहे. मी आपटली. वरणाचा तोच डबा आपटला.

बोरकर

थंडी सुरू झाली तसे मंडळाचे सचिव बोरकर भेटायला आले. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडले, 'ओळखलंत का साहेब?' मी मान हलवली. मग माझ्या डोक्यावरून सुनंदाकडे बघत, हळू आवाजात, जणू मी बाळ आहे आणि नुकताच झोपलो आहे, म्हणाले, 'वहिनी, यंदा काला अंबला त्यांना त्रास नको द्यायला. आपण काहीतरी बघू.'

मी म्हणालो, 'मी.'

'हो हो, तुम्ही यायचंच आहे! पहिल्या खुर्चीवर!' बोरकर ओरडले.

दिल्लीत 'हिंदूराव' म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो. तो एक माणूस होता, ग्वाल्हेरहून आलेला, इथं रिजच्या टेकडीवर राहायचा, हे मी पूर्वी टॅक्सीवाल्यांनाही सांगायचो. आता माणूस गेला आणि इस्पितळ उरलं. बोरकर बोलत होते तेव्हा मला वाटलं, मीही त्याच रस्त्याला लागलो. थोड्या दिवसांनी वानखेडे म्हटलं की लोकांना फक्त औषधांचा वास आठवेल.

त्या गोष्टीबद्दल दोन शब्द सांगतो. पानिपतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, सरदार, तोफा, कोण कुठं पडला. मी ती सांगतच नाही. मी सांगतो म्हादबाची. म्हादबा इतिहासात नाही, तो माझा आहे. फौजेबरोबर आलेला एक पाणक्या, डोक्यावर तांब्याचं तपेलं. पळापळ होते, धुकं पडतं, सगळे सगळं टाकून धावतात, पण म्हादबा तपेलं सोडत नाही. वाटेत तो कोणाकडे काय खातो, कोणाला कशी थाप मारतो, यावर मी तासभर लोकांना हसवतो. शेवटी तो गावी पोचतो, बायको दार उघडते आणि तपेल्याला पडलेला पोचा बघून त्याला शिव्या देते. दरवर्षी लोक त्या शिव्यांची वाट बघत असतात.

पुढच्या आठवड्यात उत्तरा आली. चेहरा उजळलेला. 'बाबा, सरप्राइज. डोळे मिटा.'

मी मिटले. आणि खोलीत मी बोलायला लागलो.

माझा आवाज. माझा आजारापूर्वीचा, भरदार, वात्रट आवाज. 'मंडळी, सगळे सरदार बाजूला व्हा, आमचा म्हादबा येतोय!' मंडळाच्या जुन्या सगळ्या व्हिडिओंतून तिनं माझा आवाज काढून यंत्राला शिकवला होता. नुसत्या जुन्या फिती नव्हत्या त्या. यंत्र नवीन वाक्यंही माझ्या आवाजात म्हणत होतं. बोरकरांचं यंदाचं स्वागत, प्रायोजकांचे आभार, सगळं. मध्येच माझं हसूही हसत होतं. म्हणजे माझी कालची प्रत सापडली होती.

मी डोळे उघडले तर सुनंदा पदरानं डोळे पुसत होती. इतक्या महिन्यांनी तिनं तो आवाज ऐकला होता. माझ्या बायकोनं माझ्यादेखत दुसऱ्या पुरुषासाठी डोळे पुसले, आणि तो पुरुष मी होतो. असा मत्सर कोणाच्या वाट्याला आला असेल तर त्यानं मला पत्र लिहावं.

'नको,' मी म्हणालो.

'बाबा, फक्त या वर्षी. तुम्ही बरे होईपर्यंत. लोकांना ऐकायचंय तुम्हाला.'

'मी,' मी म्हणालो. छातीवर हात मारला. 'मी!'

'पण बाबा, तुम्ही कसं...' ती थांबली. मग तिचाही बांध फुटला. 'मी रात्र रात्र जागून केलंय हे. तुमच्यासाठी. तुम्हाला काहीच आवडत नाही!'

भांडण ही भाषेतली सगळ्यात वरची इयत्ता आहे. तिथं शब्द धावत यावे लागतात. माझे शब्द काठी टेकत येत होते. ते पोचेपर्यंत ती आतल्या खोलीत गेली होती आणि मी हरलो होतो.

काला अंब

पानिपतला धुकं होतं, जसं तिथं असायला हवं. स्मारकाच्या विटकरी खांबाचा वरचा भाग दिसतच नव्हता. तिळगूळ वाटून झाला. मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल, शेजारी सुनंदा. समोर टेबलावर माझ्या जागी एक काळा स्पीकर. बोरकरांनी त्याला फुलं वाहिली नाहीत एवढंच.

मग मी बोललो, म्हणजे तो बोलला.

चांगला बोलला, हे कबूल करतो. कुठंही अडखळला नाही. लोक पहिल्यांदा चपापले, मग ऐकायला लागले. पण सगळ्यांना प्रश्न पडला होता की बघायचं कुठं. ते एकदा स्पीकरकडे बघत, एकदा माझ्याकडे. विनोद झाला की माझ्याकडे वळून हसत, जसं मेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघून त्याच्या आठवणी काढतात. त्यातून माझी एक सवय आहे. मध्येच मी गप्प होतो आणि विचारतो, 'सांगा, आता म्हादबा काय करेल?' आणि कोणी ओरडेपर्यंत पुढं जात नाही. स्पीकरनंही विचारलं. स्पीकरला कोण उत्तर देणार? तो ठरल्याप्रमाणे थोडा थांबला आणि पुढं निघाला. म्हादबा गावी पोचला, बायकोनं तपेल्यासाठी शिव्या दिल्या. टाळ्या झाल्या.

टाळ्या संपायच्या आत मी उठलो. शाल खाली पडली.

'म्हादबा,' मी म्हणालो.

बोरकर धावत आले. 'साहेब, झालं, झालं! उत्तम झालं!'

मी त्यांच्या तोंडासमोर पंजा वर केला. ते थांबले. उत्तरा उठली होती, ती अर्धी उभी तशीच राहिली.

'म्हादबा. नदी.' श्वास. 'पाणी... गार. इथं.' मी गळ्याला हात लावला.

गोष्टीत नदी कधीच नव्हती. मंडळी कुजबुजली. मी दोन्ही हात डोक्यावर नेले, काहीतरी धरल्यासारखे. शब्द येईना. पंजा वर.

'तपेलं,' सुनंदा हळूच म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

'तपेलंच हो,' मागून एक काका म्हणाले.

'नाही. तपेलं...' शब्द आला, कसाबसा. 'टाकलं.'

इतक्या वर्षांत म्हादबानं तपेलं टाकलं नव्हतं. उत्तराच्या यंत्रातल्या कुठल्याच व्हिडिओत टाकलं नव्हतं. मी पुन्हा हात डोक्यावर नेले.

'डोक्यावर... मूल. कोणाचं... माहीत नाही. रडतंय.'

मी एक पाऊल टाकलं, जसा नदीत टाकीन तसं. अजून एक. हात डोक्यावर घट्ट. 'पाणी... इथं.' हनुवटी. 'इथं.' ओठ. आणि तिथं शब्द संपले. पुढचा सापडेना. मी पंजा वर केला. समोर बोरकर, घड्याळाकडे बघायचं विसरलेले. उत्तरा, अजून तशीच अर्धी उभी. आणि सुनंदा खुर्चीच्या अगदी कडेला सरकलेली, तोंड उघडं, भुवया वर. तिच्याकडे चहा नव्हता, पंखा नव्हता, पाणी नव्हतं. पुढं काय येणार, हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात शब्द आला. अगदी स्वच्छ, जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. आता तुम्हाला खरं सांगतो, हे मी अजून घरी कोणाला सांगितलेलं नाही. तो शब्द मी तिथंच धरून ठेवला. पंजा खाली घेतला नाही. पूर्वी ठेवायचो तसा, मुद्दाम, लोकांचा जीव टांगणीला लागेपर्यंत.

आणि सगळ्या मंडळासमोर माझी बायको खुर्चीवरून उठून ओरडली,

'अहो, हात काय दाखवताय नुसता! ते लेकरू वाचलं की नाही, ते सांगा आधी!'